आधी कोणाला पाहायचे?

मी इंदूरमधील एका रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात डॉक्टर म्हणून काम करते. आमच्या दारात जे वाक्य सर्वांत जास्त वेळा ऐकू येते ते म्हणजे ‘हम पहले आए हैं’. रामबागेतून किंवा लोकमान्यनगरातून आलेली, घरात मराठीच बोलणारी मंडळीही घाबरली की हेच वाक्य हिंदीत बोलतात, आणि त्यांचे म्हणणे गैर आहे असे मला कधीही वाटलेले नाही. बँकेत, रेल्वेच्या तिकीट खिडकीवर, देवळाच्या दारात आपण रांग मानतो, कारण आधी आलेल्याला आधी जागा देणे हाच तिथे सर्वांना पटणारा न्याय असतो. ज्याची आई ट्रॉलीवर कण्हत पडली आहे त्याने तोच न्याय इथेही मागावा, हे स्वाभाविक आहे. तरीही आम्ही ती रांग रोज मोडतो. ती कोणत्या आधारावर मोडतो हे लोकांना सविस्तर सांगणे आमचे कर्तव्य आहे, कारण ज्याला कारण कळलेले नाही त्याला आमचा प्रत्येक निर्णय पक्षपातच वाटणार.

आधार एकाच प्रश्नाचा आहे. हा रुग्ण आत्ता थांबला तर त्याचे काय जाईल, आणि आम्ही आत्ता हात लावला तर ते वाचेल का? दुखणे किती तीव्र आहे, रक्त किती दिसते आहे, माणूस किती मोठ्याने ओरडतो आहे, तो कोणाचा कोण लागतो, यांपैकी कशानेही या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. मूतखड्याची कळ धडधाकट माणसाला जमिनीवर गडाबडा लोळायला लावते. त्या वेदनेवर औषध लवकर दिलेच पाहिजे, पण ताप नसेल तर अर्ध्या तासाच्या विलंबाने सहसा त्याचे कायमचे काही बिघडत नाही. याउलट, ज्याचा एक हात तासाभरापासून जड झाला आहे आणि तोंडाचा कोपरा किंचित ओढला गेला आहे, असे गृहस्थ बाकावर शांत बसून ‘मला काही झालेले नाही, या लोकांनी उगीच आणले’ असे म्हणत असतात. त्यांच्या मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद झाली असेल तर त्याच वेळी दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरत असतात. गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो, रक्तातील साखर पाहावी लागते, रक्तदाब मर्यादेत आणावा लागतो. हे गृहस्थ घरून निघेपर्यंतच निम्मा वेळ गेलेला असतो. म्हणून कळ आलेला तरुण ओरडत असतानाही आम्ही बाकावरच्या काकांना आधी आत घेतो.

जखमींचा क्रम हुद्द्यावरून न लावता जखमेवरून लावायचा, हा विचार नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक दोमिनिक झाँ लारे यांनी रणांगणावर रुजवला. जखमी आपल्या बाजूचा आहे की शत्रूचा, अधिकारी आहे की शिपाई, हे त्यांनी त्यात गौण मानले. आज ऑस्ट्रेलियात पाच श्रेणी आहेत आणि प्रत्येक श्रेणीला तात्काळ, १० मिनिटे, ३० मिनिटे, ६० मिनिटे व १२० मिनिटे अशी मुदत ठरलेली आहे. दिल्लीच्या एम्सने आपल्याकडच्या गर्दीला झेपेल अशी लाल (लगेच पाहायचा), पिवळा (थोडा थांबू शकणारा) आणि हिरवा (थांबू शकणारा) या तीन रंगांची पद्धत बसवली आहे. श्रेणी तीन असाव्यात की पाच, हा माझ्या मते दुय्यम मुद्दा आहे. दाराशी उभी राहणारी सिस्टर किती अनुभवी आहे आणि तिच्या शब्दाला आत किती मान आहे, यावर सगळे अवलंबून असते, आणि नेमक्या त्याच जागेवर अनेक ठिकाणी सर्वांत नवख्या मुलीला उभे केले जाते.

अनुभवी सिस्टर काय करते ते एका प्रसंगावरून सांगते. सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत मजुरांनी खचाखच भरलेल्या पिकअप गाड्या माळव्याच्या आणि निमाडच्या रस्त्यांवर धावतात आणि त्यांपैकी काही उलटतात. अशाच एका संध्याकाळी बरेच जखमी एकदम आमच्याकडे आले. सर्वांत पुढे होता तो एक तरुण, डोक्याची कातडी फाटलेली, चेहरा आणि सदरा रक्ताने भिजलेला, आणि त्याला घेऊन आलेले चौघे एकाच वेळी ओरडणारे. सिस्टरने त्याला नाव आणि गाव विचारले. त्याने दोन्ही खणखणीत आवाजात सांगितले. तेवढ्यावरून त्याचा श्वासमार्ग मोकळा आहे, छाती नीट चालते आहे आणि मेंदूपर्यंत पुरेसे रक्त पोहोचते आहे, हे तिला कळले. टाळूला रक्तपुरवठा भरपूर असल्यामुळे तिथली जखम वाहते फार, पण नीट दाबून धरली की ती बहुधा थांबते. तिने गॉजची जाड घडी जखमेवर ठेवली, त्याच्याच मित्राचा तळवा त्यावर घट्ट बसवला, हात अजिबात काढायचा नाही अशी ताकीद दिली आणि ती पुढे गेली.

भिंतीला टेकून एक वयस्क बाई जमिनीवर बसल्या होत्या. लुगड्याचा पदर डोक्यावर, पायांवर धूळ, कोणाकडे काही मागणे नाही. सिस्टर त्यांच्यासमोर उकिडवी बसली, धीर देत असल्यासारखा तळवा त्यांच्या छातीवर ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहू लागली. श्वास मोजतो आहोत हे रुग्णाला कळले की तो नकळत श्वास बदलतो, म्हणून तो असाच मोजायचा असतो. मिनिटाला तीसच्या वर श्वास होते. मग तिने त्यांच्या बोटाचे नख दाबून सोडले. दोन सेकंदांत परत यायला हवी ती लाली रेंगाळत आली. मनगटावरची नाडी बारीक आणि जलद होती, हात थंड होता. डाव्या बरगड्यांखाली बोट टेकताच बाईंनी सिस्टरचा हात हळूच बाजूला केला, त्यापलीकडे तक्रार केली नाही. अंगावर रक्ताचा एक थेंब नव्हता. सिस्टरने लाल पट्टी बांधली आणि मला हाक मारली. सोनोग्राफीत पोटात रक्त साठलेले दिसले, प्लीहा फाटली होती, आणि बाईंना थेट शस्त्रक्रियेला नेले. डोक्याला टाके पडण्यासाठी तो तरुण तासाहून अधिक वेळ बसून राहिला आणि त्याच्या सोबत्यांनी आम्हाला पुष्कळ बोलून घेतले. त्या तासाभरात त्याचे काही गेले नाही. बाईंचा जीव गेला असता.

श्वासांच्या मोजणीविषयी इथे थोडे अधिक लिहिणे मला आवश्यक वाटते. प्रकृती ढासळू लागली की रक्तदाब बराच वेळ तग धरतो, श्वासांचा वेग मात्र बहुधा आधी वाढतो, आणि तरीही सर्व नोंदींमध्ये सर्वाधिक दुर्लक्ष याच नोंदीकडे होते. अनेक केसपेपरवर या रकान्यात प्रत्येक रुग्णापुढे एकच ठरावीक आकडा लिहिलेला आढळतो, म्हणजे तो मोजलेलाच नसतो. पूर्ण एक मिनिट श्वास मोजायला कोणतेही यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही, आणि त्या एका मिनिटातच रुग्णाच्या चेहऱ्याकडे नीट पाहून होते.

शांत बसलेला रुग्ण हाच आमच्या कामातला खरा धोका आहे, आणि तो किती प्रकारांनी शांत असू शकतो हे शिकण्यातच आमची वर्षे जातात. वर्षानुवर्षांचा मधुमेह असलेल्या बाईंना हृदयविकाराच्या झटक्यात छातीत दुखतेच असे नाही; नुसती धाप, घाम, मळमळ किंवा एकाएकी आलेला थकवा एवढेच असते, म्हणून अशा तक्रारींतही पहिल्या १० मिनिटांत ईसीजी काढलाच पाहिजे. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी घेणाऱ्या आजोबांची नाडी कितीही रक्तस्राव झाला तरी म्हणावी तशी वाढत नाही, आणि नवखा माणूस सत्तरची नाडी पाहून निर्धास्त होतो. लहान मुलाचा रक्तदाब शेवटपर्यंत टिकतो आणि मग एकदम कोसळतो. गरोदर बाईच्या शरीरात मुळातच रक्त वाढलेले असल्यामुळे तिचा रक्तस्राव आकड्यांत उशिरा दिसतो.

यांत सर्वांत फसवा रुग्ण येतो तो पावसाळ्यात, पहाटे, खेड्यातून. रात्री जमिनीवर झोपलेला तरुण पहाटे पोटात दुखते म्हणून उठतो, त्याला उलटी होते, घसा आवळल्यासारखा वाटतो, आणि घरचे त्याला अपचन समजून घेऊन येतात. अंगावर कुठेही सूज नसते, खूण शोधूनही सापडत नाही. मण्यार बहुधा रात्री झोपेतल्या माणसालाच चावतो आणि त्याचा दंश जवळजवळ दुखत नाही, पण त्याचे विष काही तासांत पापण्यांपासून सुरुवात करून छातीपर्यंतचे स्नायू लुळे करत जाते. केवळ ‘पोटदुखी’ एवढी नोंद करून त्याला हिरवी पट्टी बांधली, तर तो प्रतीक्षा कक्षात बसल्या बसल्या प्राण सोडू शकतो. म्हणून आमच्याकडे त्या मोसमात पहाटे आलेल्या प्रत्येक पोटदुखीला दोन गोष्टी करायला सांगतात. वर छताकडे एकटक पाहायचे आणि आडवे होऊन उशीवरून मान उचलून धरायची. पापण्या मिटू लागल्या किंवा मान धरवली नाही, तर रंग लाल, आणि सर्पविषावरील औषधाची व कृत्रिम श्वासाची तयारी त्याच क्षणी सुरू होते.

हे झाले रोजचे. रोजच्या रात्री आमचा नियम सरळ असतो की जो सर्वांत अत्यवस्थ, त्याच्यावर सर्वाधिक माणसे आणि साधने लावायची. जखमींची संख्या आमच्या हातांच्या संख्येपेक्षा फार मोठी झाली की मात्र नियमच बदलतो. १९८३ साली कॅलिफोर्नियातील न्यूपोर्ट बीच इथे एक रुग्णालय आणि तिथले अग्निशमन दल यांनी मिळून अशा प्रसंगासाठी ‘स्टार्ट’ नावाची पद्धत तयार केली. जे चालू शकतात त्यांना हाक मारून एका बाजूला बोलवायचे, ते हिरवे. उरलेल्यांत जो श्वास घेत नाही त्याचा श्वासमार्ग मोकळा करून पाहायचा. तरीही श्वास सुरू झाला नाही तर काळी पट्टी, म्हणजे वाचण्याची आशा नाही अशी खूण, बांधून पुढे जायचे. श्वास तीसच्या वर, मनगटावर नाडी लागत नाही किंवा साधी आज्ञा पाळता येत नाही, यांपैकी काहीही असले तर लाल. बाकीचे पिवळे. एका जखमीवर एका मिनिटाहून कमी वेळ, आणि त्या वेळात श्वासमार्ग उघडणे व वाहते रक्त दाबणे याखेरीज कोणताही उपचार करायचा नाही.

काळी पट्टी बांधणे हे या व्यवसायातील सर्वांत कठीण काम आहे, आणि ते कठीणच वाटत राहावे अशी माझी इच्छा आहे. एरवी ज्या माणसाच्या छातीवर आम्ही सहा जण मिळून अर्धा तास दाब देत राहिलो असतो, त्याच्याजवळून उठून पुढे जायचे असते. मोठ्या अपघाताच्या धक्क्याने हृदय थांबलेला माणूस छातीवर दाब देऊन परत येण्याची शक्यता फारच थोडी असते, आणि त्या अर्ध्या तासात त्या सहा जणांनी फुटलेल्या फुप्फुसाची हवा काढून, मांडीचा रक्तस्राव बांधून अनेकांना वाचवलेले असते. हे गणित ज्याला आयत्या वेळी करावे लागेल त्याच्याकडून ते होणार नाही, कारण समोर पडलेल्या मुलाचा चेहरा त्याला हलू देणार नाही. ते आधी ठरलेले असावे लागते, त्याचा सराव झालेला असावा लागतो, आणि पट्टी बांधणाऱ्या माणसाला तो निर्णय त्याचा एकट्याचा नाही, सर्वांनी मिळून आधीच घेतलेला आहे, याची खात्री असावी लागते.

याला अपवाद आहेत आणि तेही पाठ असावे लागतात. लहान मुलांचे हृदय बहुधा श्वास बंद पडल्यामुळे थांबते, म्हणून लू रोमिग या बालरोगतज्ज्ञांनी १९९५ मध्ये मुलांसाठी वेगळी पद्धत आखली. तीत श्वास नसलेल्या पण नाडी लागणाऱ्या मुलाला काळी पट्टी बांधण्याआधी पाच श्वास देऊन पाहतात. वीज पडल्यावर तर क्रम पूर्ण उलटा होतो. आमच्या भागात जून महिन्यात शेतातल्या झाडाखाली आडोशाला थांबलेल्या चार-पाच जणांवर एकदम वीज पडल्याच्या बातम्या येतात. अशा वेळी जे कण्हत आहेत, बोलत आहेत, ते बहुधा जगतात. जे मेल्यासारखे पडले आहेत त्यांच्याकडे आधी धावायचे, कारण विजेच्या धक्क्याने थांबलेले हृदय पुष्कळदा आपोआप पुन्हा सुरू होते, परंतु श्वासाचे केंद्र अधिक काळ बधिर राहते, आणि त्या मधल्या वेळात कोणी तोंडाने श्वास दिला तर माणूस वाचतो, नाही तर प्राणवायूअभावी हृदय दुसऱ्यांदा थांबते. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही, त्याला हात लावायला घाबरू नये, हेही गावोगाव सांगायला हवे.

इंदूरसारख्या शहराला या तयारीची गरज किती आहे, हे ३० मार्च २०२३ च्या रामनवमीला सर्वांनी पाहिले. बेलेश्वर महादेव झूलेलाल मंदिरातील बावडीवरचा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीवरचा, स्लॅब कोसळला आणि ३६ माणसे गेली. रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) आणि अनंत चतुर्दशीच्या झाँक्या (देखाव्यांची मिरवणूक) यांसाठी राजवाड्याच्या परिसरातल्या अरुंद रस्त्यांवर दरवर्षी लोटणारी गर्दी आपण जाणतोच. गर्दीतल्या दुर्घटनेत एक गोष्ट हमखास घडते. जे सर्वांत कमी जखमी असतात ते रिक्षा, दुचाकी, मिळेल ते वाहन धरून सर्वांत आधी जवळच्या रुग्णालयात पोहोचतात आणि तिथल्या खाटा भरून टाकतात, आणि दाबले गेलेले, अडकलेले, अत्यवस्थ लोक मागाहून येतात. सगळ्यांना एमवायमध्येच, म्हणजे शहरातल्या महाराजा यशवंतराव या सरकारी रुग्णालयातच, नेले तर एमवाय कितीही मोठे असले तरी त्याचे दारच अडते. कोणी कुठे जायचे याची विभागणी घटनास्थळीच व्हायला हवी, आणि पहिल्या अर्ध्या तासात येणाऱ्या चालत्या जखमींसाठी प्रत्येक रुग्णालयाने विभागाबाहेर, मंडपात का होईना, वेगळी जागा राखून ठेवावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

आमच्या विभागात पट्टीविषयी एक नियम आम्ही कटाक्षाने पाळतो. रंग वर चढवण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, वॉर्डबॉयलासुद्धा; खाली उतरवण्याचा अधिकार फक्त रुग्णाला तपासलेल्या डॉक्टरला. बाहेरून येणारा फोन, मग तो कोणाचाही असो, रंग बदलू शकत नाही. असे फोन येतात, आणि ते घेणाऱ्या सिस्टरच्या पाठीशी वरिष्ठांनी उभे राहावे लागते. पैसे आणि पोलीस यांच्यावरून तर क्रम लागूच नये. १९८९ मध्ये परमानंद कटारा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, त्याच्या मुळाशी एका स्कूटरस्वाराचा मृत्यू होता. पोलिसांच्या प्रकरणांसाठी अधिकृत नसलेल्या रुग्णालयाने त्याला दूरच्या दुसऱ्या रुग्णालयात पाठवले आणि तो वाटेतच गेला. जीव वाचवणे आधी, कागदोपत्री सोपस्कार नंतर, हे तेव्हापासून प्रत्येक डॉक्टरवर बंधनकारक आहे. जखमीला उचलून आणणाऱ्या वाटसरूलाही २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १३४ अ कलमाने संरक्षण दिले आहे.

थांबवलेल्या माणसाशी कसे बोलायचे, हाही प्राधान्य ठरवण्याचाच भाग आहे. ‘बसा, नंबर येईल’ हे उत्तर नाही. आमची सिस्टर सांगते, ‘भाऊ, आईंना मी पाहिले आहे. त्यांचा श्वास आणि बीपी आत्ता ठीक आहे. आत ज्यांना नेले त्यांचा श्वास अडला होता. वीस मिनिटांनी मी स्वतः येऊन त्यांना पुन्हा पाहते, पण त्याआधी घाम फुटला, धाप लागली किंवा त्या असंबद्ध बोलू लागल्या तर लगेच मला हाक मारा.’ आणि वीस मिनिटांनी ती खरोखर जाते. हे पुन्हा पाहणे सुटले की सगळी पद्धतच खोटी ठरते, कारण हिरवी पट्टी त्या क्षणापुरतीच खरी असते.

नातेवाइकांच्या हातातही पुष्कळ असते, आणि त्याची सुरुवात १०८ ला केलेल्या फोनपासून होते. भोपाळच्या केंद्रात फोन घेणारी व्यक्ती प्रश्न विचारते तेव्हा अनेक जण ‘आधी गाडी पाठवा’ म्हणून फोन ठेवून देतात. माणूस शुद्धीवर आहे का, श्वास नेहमीसारखा चालू आहे का, या उत्तरांवरूनच साधी रुग्णवाहिका पाठवायची की अधिक सुसज्ज, हे ठरते, म्हणून फोन ठेवू नये. रुग्णालयाच्या दारात पोहोचल्यावर पूर्ण इतिहास सांगण्याची घाई नको. मोजक्या गोष्टी आधी सांगाव्यात. हातापायांतले बळ गेले असेल तर रुग्ण शेवटचा पूर्ण ठीक केव्हा दिसला होता ती वेळ, त्रास लक्षात आला ती वेळ नव्हे. डोक्याला मार असेल तर रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का. फवारणीच्या औषधाची बाधा असेल तर डबा किंवा त्यावरचे नाव. सापाला मारून आणू नये, त्याच्यामागे जाण्यात वेळही घालवू नये. आणि मधुमेही माणूस विचित्र वागू लागला असेल तर त्याने शेवटचे कधी खाल्ले आणि इन्सुलिन किंवा गोळी कधी घेतली, हे दारातल्या सिस्टरला पहिल्याच वाक्यात सांगावे; ती त्याच क्षणी बोटातून रक्त घेऊन साखर तपासेल.